मुलांची भूक तुमच्या कुलपात अडकली आहे

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि कमिटी सदस्य,
नाशिक शहरातील सर्व गृहनिर्माण सोसायट्या आणि अपार्टमेंट

विषय : सोसायटीच्या आवारात आणि कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये मुलांना संध्याकाळी खेळू देण्याबाबत.

स. न. वि. वि.

मी निवृत्त क्रीडाशिक्षक. ३१ वर्षं नाशिकमधल्या शाळांत पी.टी.चे तास घेतले, खो-खोचे संघ बांधले, उन्हात उभा राहून शिट्टी वाजवली. आता इंदिरानगर भागात एका सोसायटीत मुलगा, सून आणि नातवाबरोबर राहतो. विषय वाचून वाटेल की सर मैदानासाठी भांडायला आलेत. आलोच आहे. पण मला हे पत्र लिहायला बसवलं ते एका ताटाने, म्हणून आधी त्या ताटाचं सांगतो.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मुलगा अंबडच्या कारखान्यात सेकंड शिफ्टला होता, सूनबाईला ऑफिसातून यायला उशीर होणार होता, आणि घरच्या मंडळी लग्नाला बाहेरगावी गेलेल्या. नातवाला जेवू घालायचं काम माझ्याकडे आलं. तो सात वर्षांचा. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून समोर ठेवला की तो जेवतो, एवढं मला सांगून ठेवलेलं होतं. मी घास करत गेलो, तो तोंड उघडत गेला. डोळे पडद्यावर. वरणभात, दुधी भोपळ्याची भाजी, मध्येच पोळीचा तुकडा. कधी घास तसाच गालात राहायचा आणि मला ‘गीळ, गीळ’ म्हणावं लागायचं. निम्मं ताट संपलं आणि फोनची बॅटरी गेली. पडदा काळा झाला. त्याने मान खाली घातली, ताटाकडे पाहिलं आणि विचारलं, ‘आबा, हे काय आहे?’

अर्धी वाटी दुधी त्याच्या पोटात गेली होती आणि आपण दुधी खातोय हे त्याला ठाऊक नव्हतं. मग त्याने ताट सरकवलं आणि म्हणाला, ‘मला भूक नाहीये.’ मी रागावलो नाही. तो खरं बोलत होता. तो पाच वाजता व्हॅनमधून उतरला होता, लिफ्टने वर आला होता, दूध-बिस्किटं खाऊन सोफ्यावर बसला होता आणि तिथून जेवायलाच उठला होता. भूक लागावी असं त्याच्या अंगाने संध्याकाळभर काही केलंच नव्हतं. का नव्हतं? कारण खाली पार्किंगच्या खांबावर आपल्या कमिटीने पाटी लावली आहे : ‘येथे मुलांना खेळण्यास सक्त मनाई आहे. दंड रु. ५००.’ आणि कॉलनीची ओपन स्पेस जिथे आहे तिथल्या फाटकाला कुलूप आहे.

ही पाटी एकट्या आमच्या सोसायटीत नाही. पाथर्डी फाट्यापासून म्हसरूळपर्यंत आणि गंगापूर रोडपासून जेलरोडपर्यंत मी नातेवाइकांकडे, जुन्या विद्यार्थ्यांकडे जातो तेव्हा खांबांकडे माझं लक्ष जातंच. कुठे ‘बॉल खेळू नये’, कुठे ‘सायकल चालवू नये’, कुठे ‘लॉनवर पाय ठेवू नये’. म्हणून हे पत्र एका कमिटीला न लिहिता तुम्हां सर्वांना लिहितो आहे.

माझी एक विद्यार्थिनी आता बालरोगतज्ज्ञ आहे. दुधीच्या त्या रात्रीनंतर मी तिच्याकडे गेलो. नातवाला तपासायला न्यायचंच होतं, पण मला समजूनही घ्यायचं होतं. तिने जे सांगितलं ते माझ्या भाषेत लिहितो.

मूल जन्माला येतं तेच पोट ओळखायची विद्या घेऊन. अंगावर पिणारं बाळ पोट भरलं की मान वळवतं, मग तुम्ही कितीही आग्रह करा. पोट रिकामं झालं की जठरातून ग्रेलिन नावाचं संप्रेरक रक्तात जातं आणि मेंदूला भूक कळते. जेवायला लागल्यावर पोट ताणलं जातं, आतड्यांतून दुसरी संप्रेरकं निघतात आणि पंधरा-वीस मिनिटांत ‘आता पुरे’ हा निरोप पोचतो. पण तो निरोप घ्यायला मेंदू मोकळा हवा. रंग, वास, चव, चावणं, हाताला लागलेलं वरण, या सगळ्यातून मेंदू जेवणाची नोंद ठेवत असतो. डोळे आणि कान पडद्याने अडवले की ती नोंद कच्ची राहते. कच्ची नोंद राहिलेलं मूल तासाभराने पुन्हा डबे उघडायला लागतं.

यातून दोन तऱ्हेची मुलं तयार होतात आणि दोन्ही आपल्या जिन्यांमधून रोज चढतात-उतरतात. एक तऱ्हा माझ्या नातवाची : फोनशिवाय तोंडच न उघडणारी, काडीसारखी. दुसरी तऱ्हा समोर पडद्यावर चित्र आणि मांडीवर कुरकुऱ्यांचं पाकीट अशी, जिला थांबायचं कधी ते कळत नाही. एकच पदार्थ खात राहिलं की माणसाला त्याचा कंटाळा येतो, हात आपोआप मंदावतो. टीव्हीसमोर खाणाऱ्या मुलांत हा कंटाळाच उशिरा येतो, असं अमेरिकेतल्या प्रयोगांत दिसलं आहे. पहिल्या मुलाची आई मला टॉनिकचं नाव विचारते, दुसऱ्याची आई व्यायाम विचारते. दोघींचा प्रश्न मुळात एकच आहे. दोन्ही मुलांना स्वतःचं पोट ऐकू येईनासं झालं आहे.

डॉक्टरांनी मला एक काम दिलं. तीन दिवस नातवाच्या तोंडात जे जे जाईल ते वहीत लिहायचं. आम्ही लिहिलं. सकाळी कप भरून दूध. शाळेत अर्धा डबा. व्हॅनमध्ये कोणाच्या तरी वाढदिवसाचं चॉकलेट. घरी आल्यावर पुन्हा दूध, चार बिस्किटं. सहा वाजता ‘काहीतरी दे’ म्हणून वेफर्स. सात वाजता परत दोन बिस्किटं, कारण तो किरकिर करत होता आणि स्वयंपाक व्हायचा होता. साडेआठला ताट वाढलं की ‘भूक नाही’. वही वाचून सूनबाई गप्प झाली. ‘हा काहीच खात नाही’ म्हणून ती वर्षभर रडकुंडीला आली होती, आणि पोर दिवसभर येता-जाता खातच होतं. गाईचं-म्हशीचं दूध फार झालं तर जेवणाची जागा अडते आणि अंगात लोह कमी पडतं, आणि लोह कमी पडलं की भूक आणखी मरते, हेही डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं. त्याची रक्ततपासणी झाली, हिमोग्लोबिन थोडं कमी निघालं, औषध सुरू झालं. ज्यांचं मूल खरोखर वाळत चाललंय, माती किंवा खडू खातंय, सारखं दमतंय, त्यांनी आधी डॉक्टरकडेच जावं. पार्किंगमधल्या लगोरीने सगळे आजार बरे होतात असं मी म्हणणार नाही.

पण लगोरीने काय होतं ते मी सांगू शकतो, कारण ते मी ३१ वर्षं पाहिलं आहे. आणि गेल्या दिवाळीत तुमच्याआमच्या डोळ्यांसमोर पुन्हा पाहिलं.

दिवाळीला मुलांनी किल्ला करायचा म्हटलं. किल्ल्याला नाही म्हणायची हिंमत महाराष्ट्रात कुठल्या कमिटीला होत नाही, आमच्याही झाली नाही. जनरेटरमागचा कोपरा मिळाला. आठ दिवस सतरा पोरं तिथे होती. शेजारच्या बांधकामावरून विटांचे तुकडे आणले, पोत्यांतून माती वाहिली, पाण्याच्या बादल्या भरल्या, गोणपाट चिखलात बुडवून बुरूज लिंपले. दगड कुठला घ्यायचा यावरून भांडणं झाली, समेट झाले. हळीव पेरलं आणि ते उगवलं का ते दर तासाला पाहून झालं. कोणीही कोणाला ‘व्यायाम करा’ म्हटलं नव्हतं. संध्याकाळी अंधार पडला की आया वरून हाका मारायच्या आणि चिखलाचे पाय घेऊन ही फौज घरात शिरायची.

चौथ्या दिवशी आमच्या मजल्यावरच्या ताई घरच्या मंडळींना म्हणाल्या, ‘काकू, आमच्याने काल तीन पोळ्या खाल्ल्या हो. मागून घेतल्या.’ मग कळलं, हे घरोघरी चाललं होतं. माझा नातू पहिल्या दिवशी हात धुऊन ताटावर बसला, फोन मागायचं विसरला आणि ‘आजी, अजून भात’ म्हणाला. मेथीची भाजी होती. आदल्या महिन्यात त्याने तीच भाजी थुंकली होती.

त्या आठ दिवसांत कोणाच्या घरी स्वयंपाक बदलला नव्हता. फराळाचे डबे भरलेले होते, म्हणजे जेवण मोडायची सोय उलट जास्तच होती. बदललं एवढंच की साडेपाच ते साडेसात मुलं जमिनीवर होती, हात मातीत होते, त्यामुळे हातात ना फोन होता ना बिस्किट. ‘येता-जाता खाणं’ आपोआप थांबलं, पोटाला दोन-अडीच तासांची मोकळीक मिळाली, अंग शिणलं, आणि शिणलेलं मूल दहाच्या आत झोपलं. झोपेचं महत्त्वही कमी नाही. रात्री अकरापर्यंत रील्स पाहणारं मूल सकाळी अर्धवट झोपेत उठतं, काही न खाता शाळेत जातं. अपुऱ्या झोपेने ग्रेलिन वाढतं आणि गोड-तळलेल्याची ओढ वाढते, हे मोठ्या माणसांवर झालेल्या अभ्यासांत दिसलं आहे.

पाडवा झाला, भाऊबीज झाली. किल्ला मोडला, कोपरा धुऊन काढला, पाटी होती तिथे होतीच. दहा दिवसांनी त्याच ताई पुन्हा म्हणाल्या, ‘परत सुरू झालं हो काकू. फोनशिवाय घास घेत नाही.’

मंडळी, मला तुम्हाला हे सांगायचं आहे. मुलाची भूक स्वयंपाकघरात तयार होत नाही, ती खाली आवारात तयार होते. आई-बापांना तुम्ही-आम्ही सगळे उपदेश करतो, फोन देऊ नका, भाजी खाऊ घाला. पण संध्याकाळच्या त्या दोन तासांची किल्ली त्यांच्याकडे नाही, तुमच्याकडे आहे.

एक जुना अभ्यास मला डॉक्टरांनी वाचायला दिला आणि तो मी तीनदा वाचला, कारण तो आपल्याच देशातला आहे. १९५६ साली जाँ मेयर या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधल्या एका ज्यूट गिरणीतल्या कामगारांचं खाणं, वजन आणि काम यांची मोजदाद प्रसिद्ध केली. हलक्या कामापासून अवजड कामापर्यंत पाहत गेलं तर काम वाढेल तसं खाणं वाढत होतं, वजन मात्र जिथल्या तिथे होतं. म्हणजे त्या माणसांची भूक त्यांच्या कष्टाशी बरोबर मेळ घालत होती. पण अगदी बैठ्या कामाची जी माणसं होती त्यांच्यात हा मेळ सुटला होता. ती अवजड काम करणाऱ्यांइतकं, कधी जास्तही, खात होती आणि वजनाने जड होती. शरीर एका किमान पातळीच्या वर हलतं तोवर भूक शहाणी असते, त्या खाली गेलं की तिचा हिशोब चुकतो, असा मी त्याचा अर्थ घेतो. ती माणसं मोठी होती, मुलं नव्हती, हे मान्य. पण आपली मुलं आज शाळेत बाकावर, व्हॅनमध्ये सीटवर, क्लासमध्ये खुर्चीवर आणि घरी सोफ्यावर असतात. गिरणीतला कारकूनसुद्धा घरी चालत जात असेल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलं की ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी किमान ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी. आठवड्याला ४२० मिनिटं झाली. मी नोकरीत होतो तेव्हा एका वर्गाच्या वाट्याला आठवड्याला दोन, फार तर तीन तासिका यायच्या, पस्तीस मिनिटांच्या. त्यातले दहा मिनिटं वर्गातून मैदानावर येण्यात जायचे आणि परीक्षा जवळ आल्या की गणिताच्या बाई दारात उभ्या असायच्या. सगळे तास मिळाले असते तरी १०५ मिनिटं. उरलेली ३१५ मिनिटं शाळा देऊ शकत नाही. लहानग्यांसाठी २०१९ ची शिफारस तर आणखी स्पष्ट आहे : २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला १ तासाहून जास्त पडदा नको, त्याहून लहानांना नकोच, आणि दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल हवी. तीन-चार वर्षांचं मूल ही हालचाल १०८० चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये कुठे करणार? खालचे शेजारी ‘पळू नका’ म्हणून बेल वाजवतात, त्यांचंही चूक नाही.

शाळेतला एक अनुभव इथेच सांगतो. आमच्याकडे मधल्या सुट्टीत आधी डबा, मग खेळ असा नियम होता. पोरं पाच मिनिटांत डबा उरकायची. पोळीचा रोल तोंडात कोंबायचा, भाजी तशीच ठेवायची आणि धावत सुटायचं. भाजीचे डबे परत घरी जायचे आणि आया शाळेत तक्रारी घेऊन यायच्या. एका वर्षी पाचवीच्या एका तुकडीपुरता मी क्रम फिरवला : आधी खेळ, मग पाच मिनिटं हात-तोंड धुणं, पाणी, मग डबा. गडबड गेली. मुलं बसून जेवायला लागली, एकमेकांच्या डब्यातलं मागून खायला लागली. पुढच्या वर्षी वेळापत्रक बदललं आणि ते बंद पडलं. निवृत्तीनंतर कळलं की अमेरिकेतल्या युटा राज्यात काही शाळांनी हेच केलं होतं आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुलांचं फळं-भाज्या खाणं ५४ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. मला फार बरं वाटलं. आणि वाईटही वाटलं, की मी तेव्हा ते नेटाने लावून धरलं नाही.

खेळ संपल्या संपल्या मात्र ताट पुढे करू नये. जोरात धावून आलेल्या मुलाची भूक थोडा वेळ दबलेली असते. तेव्हा त्याला पाणी हवं असतं. वीस-तीस मिनिटांनी भूक वर येते आणि तेव्हा ताट तयार असावं लागतं. साडेसातला खेळ संपला, आठला जेवण. जुन्या नाशकात आमच्या वाड्यात हे वेळापत्रक कोणी लिहून ठेवलं नव्हतं, पण चालत तसंच होतं. आम्ही गंगेवर जायचो. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणायचो. तासभर पोहून, काठावर दगडावर वाळून, बोळाबोळांतून पळत घरी आलो की ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. आईने ‘खा रे’ म्हटल्याचं मला आठवत नाही. ‘पुरे रे, बाकीच्यांना ठेव’ म्हटल्याचं आठवतं. आज त्या पाण्यात माझ्या नातवाला उतरवायला मीच धजणार नाही. वाडेही गेले. म्हणून तर तुमच्या पार्किंगला आणि ओपन स्पेसला मी इतकं महत्त्व देतो आहे. आता गंगेच्या जागी तेच उरलं आहे.

कोणी म्हणेल, मैदानं आहेत की शहरात. आहेत. गोल्फ क्लब मैदान आहे, हिरावाडीला मीनाताई ठाकरे क्रीडा संकुल आहे, जॉगिंग ट्रॅक आहेत. पण सात वर्षांचं मूल मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडून एकटं गोल्फ क्लबला जाऊ शकत नाही. त्याला नेऊन आणायला संध्याकाळी पाच वाजता घरात मोठं माणूस मोकळं लागतं. सातपूर-अंबडला शिफ्ट करणाऱ्या घरांत ते नसतं. मुलाला जिना उतरून जाता येईल, आणि वरून हाक मारली तर ऐकू येईल, एवढ्या अंतरावरचीच जागा त्याची. मोठ्या ले-आउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी ठेवायला लावतात ती कुलूप लावण्यासाठी नाही. आणि त्या जागेवर मंडपामागून मंडप, मग शेड, मग शेडला भिंती, असं करत ती कशी आक्रसते हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

तुमच्या अडचणी मला माहीत आहेत. मीही दोन वर्षं कमिटीवर होतो आणि त्या पाटीच्या ठरावाला मीही हात वर केला होता. एका गाडीची काच फुटली होती, पहिल्या मजल्यावर बाळंतीण होती, आणि सभेत आवाज फार चढला होता. काच तीन हजारांची होती. पोरं खाली येईनाशी झाली तर काय जाईल, हे त्या सभेत कोणीच विचारलं नाही, मीसुद्धा नाही. क्रीडाशिक्षक असून नाही. त्याची टोचणी आहे.

मुलींबद्दल वेगळं लिहायला हवं. दहा-अकरा वर्षांपर्यंत मुली खाली येतात. मग एक दिवस यायच्या थांबतात. मोठी मुलं क्रिकेट मांडून बसतात, त्यांना जागा उरत नाही. कोणीतरी कपड्यांवर बोलतं. कुठल्या तरी काकांची नजर नको वाटते. घरातून ‘आता मोठी झालीस’ म्हटलं जातं. याच वयात त्यांच्या अंगाला सर्वांत जास्त अन्न लागतं, पाळी सुरू झाल्यावर लोह लागतं, आणि याच वयात त्यांची भूक खोलीत फोनसोबत बंद होते. देशात १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींना रक्तक्षय आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आलं आहे. माझ्या खो-खोच्या मुली कशा जेवायच्या ते मी पाहिलं आहे. सरावानंतर गूळ-शेंगदाण्यांची परात मध्ये ठेवली की ती रिकामी व्हायला वेळ लागायचा नाही, आणि कोणीही ‘मी जाड होईन’ म्हणायची नाही. २०१० मध्ये आपल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी आठवीच्या सहा मुली न सांगता मैदानाला फेऱ्या मारत होत्या. त्यांना जागा होती म्हणून त्या धावल्या. तुमच्या सोसायटीतल्या आठवीच्या मुली आज संध्याकाळी कुठे होत्या, एकदा पाहा.

याच जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याकडे भूक आहे आणि ताट अपुरं आहे, हे मी विसरलेलो नाही. तिथे मी शिबिरं घेतली आहेत. तिथल्या मुलांची भूक आणि माझ्या नातवाची न लागणारी भूक यांची तुलना मी करणार नाही. पण ताट भरलेलं असून मूल त्याकडे पाहत नाही, हे पाहताना मला तिथली पोरं आठवतात आणि घास हातातच राहतो.

फोनचा दोष तुम्ही आमच्यावर कशाला ढकलता, असंही मला एका सचिवांनी विचारलं. प्रश्न बरोबर आहे. फोन आम्ही घरच्यांनीच हातात दिला, लॉकडाउनमध्ये शाळाच फोनवर आली तेव्हा तर द्यावाच लागला, आणि तो ताटापासून दूर आम्हीच करायचा आहे. अमेरिकेतल्या, १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात थॉमस रॉबिन्सन या डॉक्टरांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांचा टीव्ही सहा महिने शिकवणीने कमी करवला. टीव्हीसमोरची जेवणं कमी झाली आणि वजनाची वाढ दुसऱ्या शाळेतल्या मुलांपेक्षा मंदावली. पण धावणं-खेळणं काही लक्षात येण्याजोगं वाढलं नाही. मला यातून दोन गोष्टी कळतात. ताटापुढून पडदा काढण्याचा फायदा स्वतंत्र आहे, तो घरच्यांच्या हातात आहे. आणि पडदा काढला म्हणून मूल आपोआप खेळायला लागत नाही, त्याला जागा आणि सोबती लागतात. ते तुमच्या हातात आहे.

आमच्या घरी आम्ही आमचं काम सुरू केलं आहे. ताटावर कोणाचाच फोन नाही, माझाही नाही. काय वाढायचं, केव्हा आणि कुठे बसून जेवायचं हे आम्ही ठरवतो. किती खायचं ते नातू ठरवतो. एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञ बाईंनी ही वाटणी मांडली, आणि ती पाळणं घरच्या मंडळींना फार जड जातं, कारण ‘एक घास चिऊचा, एक घास काऊचा’ करून चार घास जास्त घालण्यात त्यांचा जीव असतो. पहिले नऊ दिवस वाईट गेले. दोनदा तो जवळजवळ न जेवता झोपला आणि सूनबाई रडली. दहाव्या दिवशी त्याने स्वतः वरणभात कालवला. पण ज्या दिवशी पाऊस नसतो आणि मी त्याला हात धरून ट्रॅकवर नेतो, त्या दिवशीचं ताट आणि न नेलेल्या दिवशीचं ताट यात आजही फरक आहे. तोही मी वहीत लिहितो. आणि माझे गुडघे रोज साथ देत नाहीत.

म्हणून माझी विनंती अशी. आवारातला गाड्या कमी असलेला एक पट्टा आणि ओपन स्पेसचं फाटक रोज साडेपाच ते साडेसात मुलांसाठी मोकळं ठेवा. सुट्टीतही तेवढंच, दुपारी नको, दुपारी म्हाताऱ्यांना आणि बाळांना झोपू द्या. सीझन बॉलला बंदी राहू दे, रबरी आणि प्लॅस्टिकचा बॉल चालू द्या. लगोरी, डब्बा ऐसपैस, विषामृत, साखळी, लंगडी यांनी काच फुटत नाही. आठवड्यातले तीन दिवस पहिला पाऊण तास मुलींसाठी ठेवा, आणि तेव्हा एखाद्या ताई-मावशी खाली असू द्या. काच फुटलीच तर ज्याच्या मुलाने फोडली त्याने निम्मे आणि सोसायटीच्या निधीतून निम्मे, असा ठराव करून टाका. वर्षातून एखादी काच. वॉचमनच्या मुलांना त्या खेळात घ्या, त्यांना बाजूला उभं करू नका. पेव्हर ब्लॉकवर पोरं पडतात आणि सोलवटतात, म्हणून शक्य असेल तिथे एक कोपरा मातीचाच ठेवा. किल्ल्याला लागेल एवढा.

देखरेखीला माणूस नाही, ही अडचण प्रत्येक सभेत निघते. प्रत्येक सोसायटीत माझ्यासारखी दोन-चार निवृत्त माणसं संध्याकाळी बाल्कनीत बसलेली असतात. त्यांना खाली खुर्ची द्या. पुढच्या आठवड्यापासून आमच्या आवारात मी स्वतः बसणार आहे, पाटी असो वा नसो. शिट्टी मी शोधून काढली आहे. आसपासच्या कुठल्या सोसायटीला खेळ लावून द्यायला, लगोरीच्या ठिकऱ्या रचून द्यायला, मुलींचा खो-खो सुरू करून द्यायला कोणी हवं असेल, तर मी आणि माझे दोन निवृत्त सहकारी येऊ. मानधन नको. चहा चालेल.

तुमच्या येत्या मासिक सभेत हा विषय घ्यावा आणि पाटीच्या ठरावावर पुन्हा एकदा हात वर करून मत घ्यावं. आमच्या सोसायटीत तो मीच मांडणार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
इंदिरानगर, नाशिक